ऑपरेशनच्या आदल्या रात्री प्रार्थनेला गेल्यावर नेमकं काय करावं?

दवणा (प्रश्न)

सर्वांना सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीत आजाऱ्यांच्या भेटीचं काम यंदा आम्हा चौघींकडे आलंय. त्यात सगळ्यात अवघड भेट ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळची. माणूस घाबरलेला, घरचे त्याहून घाबरलेले, आणि आपण बायबल उघडून ‘भिऊ नको’ वाचतो. तो मान हलवतो, आपण प्रार्थना करून उठतो, भीती आपली खाटेवर होती तिथेच बसून राहते.

काय वाचावं आणि किती वेळ थांबावं? स्तोत्र २३ मधली मृत्युच्छायेची ओळ वाचावी की गाळावी, यावरून आमच्यातच दोन तट पडलेत. ‘एवढी वर्षं उपासनेला जातोय, तरी भीती वाटते, म्हणजे माझा विश्वास खोटा का?’ असं कोणी विचारलं तर काय सांगायचं? आणि आपण घरी गेल्यावर, वॉर्डातले दिवे मालवल्यावर त्या माणसाने एकट्याने काय करायचं?

साक्षी, म्हणजे स्वतःचे अनुभव, नकोत, ते रविवारी ऐकतोच. पद्धत सांगा.

---

जुना_करार

दवणाताई, आधी ‘भिऊ नको’बद्दल. आपण हे दोन शब्द वाक्यातून खुडून काढतो, तिथेच गडबड होते. पवित्र शास्त्रात हे शब्द येतात तेव्हा बहुतेक वेळा पाठोपाठ ‘कारण’ येतं, आणि ते कारण ‘सगळं ठीक होईल’ असं क्वचितच असतं. यशया ४१:१० काढा: भिऊ नकोस, कारण मी तुझ्याबरोबर आहे. यहोशवाला पहिल्या अध्यायात हेच सांगितलं, यिर्मयालाही पहिल्याच अध्यायात हेच. कारण गाळून नुसतं ‘भिऊ नको’ म्हटलं की तो दिलासा राहत नाही, दटावणी होते. रडणाऱ्या पोराला ‘गप्प बस’ म्हणावं तसं. म्हणून वाचताना ‘कारण’ या शब्दावर थांबा, पुढचा भाग सावकाश वाचा, जमलं तर फक्त तेवढाच दोनदा वाचा.

(जाता जाता: ‘बायबलमध्ये भिऊ नको ३६५ वेळा आहे, वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक’ हे फॉरवर्ड भेटीत सांगू नका. तसं मोजून निघत नाही. भाषांतरागणिक आकडा बदलतो आणि ३६५ पर्यंत जात नाही. घाबरलेल्या माणसाला दिलेला आधार तपासल्यावर पोकळ निघाला, तर तो बाकीच्या आधारांवरही संशय घेतो.)

स्तोत्र २३. ओळ गाळू नका. उद्या टेबलावर जाणाऱ्याच्या मनात मरणाचा विचार तुमच्या वाचण्याने येत नाही, तो दुपारपासूनच तिथे असतो. गाळलीत तर त्याला ती पाठ असल्याने लगेच कळतं, आणि ‘ह्यांनाही भीती वाटते’ एवढाच निरोप पोचतो. शिवाय सगळ्या स्तोत्राचा बिजागरा त्याच ओळीत आहे. पहिल्या तीन ओव्यांत देवाबद्दल बोलणं चाललंय: तो बसवतो, तो नेतो, तो चालवतो. चौथीत दरी लागते आणि बोलणं एकदम त्याच्याशीच सुरू होतं: ‘तू माझ्याबरोबर आहेस.’ हिरव्या कुरणात ‘तो’, अंधारात ‘तू’. रुग्णाला एवढं एक दाखवलंत तरी प्रवचनाची गरज नाही. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘गडद काळोख’ असाही करतात, तेव्हा ती दरी फक्त मरणाचीच असते असंही नाही. भूल चढतानाचा काळोखही त्यात बसतो.

एक सूचना. त्याच ओवीत ‘तुझी आकडी व तुझी काठी’ आहे. आकडी म्हणजे मेंढपाळाची वाकड्या टोकाची काठी. पण दवाखान्यात ‘आकडी’ म्हटलं की लोकांना फीट आठवते. मेंदूच्या ऑपरेशनचा रुग्ण असेल तर हा शब्द आधीच उलगडून सांगा. हसायला येतं, पण हा घोळ खरंच होऊ शकतो.

स्तोत्र १३ फारसं कोणी वाचत नाही आणि अशा रात्रीसाठी ते सगळ्यात कामाचं आहे. सहाच ओव्या. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा येतो, म्हणजे सरळ तक्रार. पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. हाच साचा रुग्णाला द्या. कागदावर तीन ओळी: ‘देवा, मला अमुक गोष्टीची भीती वाटते.’ ‘देवा, अमुक कर.’ ‘तरी मी तुला धरून आहे, कारण अमुक.’ तिसरी ओळ सुचत नसेल तर कोरी ठेवू द्या, ओढून-ताणून लिहून घेऊ नका. स्तोत्र ८८ वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटी काही उजाडत नाही. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे.

स्तोत्र ९१ बेताने वापरा. आपल्याकडे ते फ्रेम करून दारावर लावतात, त्यामुळे रुग्ण स्वतःच मागतो. मागितलं तर जरूर वाचा. पण ‘तुला काही होणारच नाही’ अशी हमी म्हणून नको. सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला सांगताना नेमकं याच स्तोत्रातलं वचन वापरलं होतं, मत्तय ४ मध्ये. त्याला जोड म्हणून दानीएल ३ मधलं शद्रख, मेशख व अबेद्नगो यांचं उत्तर सांगा: आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण सोडवलं नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ‘नाही तरी’ म्हणता येणं, यालाच धैर्य म्हणायचं.

---

वॉर्ड_नंबर_सात

जुना करार यांनी वचनांचं सांगितलं, मी खाटेभोवतीचं सांगते.

वेळ: संध्याकाळी साडेपाच ते सात. त्यानंतर एनिमा, शेव्हिंग, रक्ताचे नमुने, सह्या असं काहीतरी चालूच असतं. जास्तीत जास्त दोघी जा, चौघी नको. एकूण १५ मिनिटं. त्यातली पहिली सात-आठ फक्त ऐकण्याची, वाचन दोन मिनिटं, प्रार्थना दोन-तीन मिनिटं, उरलेली शांत बसण्याची. प्रार्थना लांबली की रुग्णाला वाटतं, आपली केस फार गंभीर असणार. आवाज खाटेपुरता. शेजारच्या खाटेवर दुसऱ्या धर्माचा आजारी आहे आणि उद्या त्याचंही ऑपरेशन आहे, हे विसरू नका. खंजिरी आणि मोबाइलवरची गाणी घरी.

बसा. उभ्याने प्रार्थना करून गेलेला माणूस डॉक्टरांच्या राउंडसारखा वाटतो.

आता पहिल्या सात-आठ मिनिटांत काय ऐकायचं? ‘भीती वाटते’ हे एक वाक्य असतं, पण आत पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी गुंतलेल्या असतात. ‘नेमकी कशाची?’ एवढाच प्रश्न विचारा आणि थांबा. उत्तरं साधारण अशी येतात: भूल उतरलीच नाही तर? मध्येच जाग आली तर? अंगावरचे कपडे काढतील, सगळे बघतील. लघवीची नळी घालतील ती दुखेल. बिल किती होईल? माझ्यामागे आईला कोण बघणार? आणि अगदी शेवटी, खालच्या आवाजात: मेलो तर?

यातलं प्रत्येक भय देवाच्या दारात नेऊन टाकायचं नसतं. भुलेबद्दलचे प्रश्न भूलतज्ज्ञाचे. ते ऑपरेशनआधी रुग्णाला तपासून जातात, प्रश्न कागदावर लिहून ठेवायला सांगा. नळी आणि कपड्यांबद्दल सिस्टरला विचारायचं: नळी बहुधा भूल दिल्यावरच घालतात, आणि हिरव्या चादरी असतात, उघडं ठेवत नाहीत. बिल मुलाशी किंवा भावाशी बोलायचं. आईची व्यवस्था नावासकट ठरवायची, ‘देव बघेल’ म्हणून सोडायची नाही: पहिले चार दिवस कोण, डबा कोण आणणार. एवढं बाजूला काढलं की जे उरतं ते खरोखर देवापुढे ठेवायचं. ते एका वाक्यात मावतं, आणि प्रार्थनेत नेमकं तेच वाक्य घ्यायचं. ‘हे प्रभू, या भगिनीला सर्व प्रकारच्या भयापासून मुक्त कर’ असली गोळाबेरीज प्रार्थना कोणालाच लागत नाही.

चुका होतात त्या अशा:

उपवास-प्रार्थना. मंडळीने उपवास धरावा, रुग्णाने नाही. मधुमेह असेल आणि इन्सुलिन चालू असेल तर साखर उतरून ऑपरेशनच रद्द व्हायचं. दवाखान्याने दिलेली उपाशी राहण्याची वेळ मात्र काटेकोर पाळायची. भुलेत पोटातलं अन्न वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर जीवावर बेततं. म्हणजे प्रभुभोजन द्यायचं असेल तर त्या वेळेच्या आत, आणि सिस्टरला सांगून. भाकरीचा कण आणि घोटभर रससुद्धा ‘खाल्लं-प्यायलं’ यातच मोडतो.

तेल. याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीचे वडीलजन तेल लावणार असतील तर कपाळावर बोटाचं एक टिपूस. जिथे चिरा द्यायचा त्या भागाला अजिबात नाही, तिथली त्वचा जंतुनाशकाने धुतलेली असते.

गळ्यातला क्रूस, मण्यांची माळ, अंगठी हे सकाळी काढावं लागतं. ऑपरेशनमध्ये विजेच्या सुरीने रक्त थांबवतात, अंगावर धातू चालत नाही. रुग्णाला हे ऐनवेळी कळलं तर फार लागतं, ‘क्रूससुद्धा काढून घेतला’ असं होतं. म्हणून आदल्या रात्रीच सांगा आणि तो कोणाच्या हातात द्यायचा ते त्यालाच ठरवू द्या.

गोळ्या. ‘विश्वास आहे तर झोपेची गोळी कशाला?’ असं तुमच्यातल्या कोणी म्हटलं तर तिला पुढच्या भेटीला नेऊ नका.

---

वसईवाला

कॅथोलिक कुटुंबात गेलात तर एक गैरसमज आडवा येईल. आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार म्हणजे ‘आता संपलं’ असं जुन्या लोकांना वाटतं, कारण पूर्वी तो मरणासन्न माणसालाच देत. कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ च्या विधीत, हे बदललं. गंभीर आजार हे ऑपरेशनचं कारण असेल तर आधीच घेता येतो. फादरना दोन दिवस आधी सांगावं, म्हणजे गडबडीत नाही आणि रुग्णही घाबरत नाही. शक्यतो वॉर्डात दाखल व्हायच्या आधी घरी किंवा चर्चमध्ये.

जपमाळ म्हणायची तर पूर्ण पाच दशकं (एक दशक म्हणजे दहा मण्यांची प्रार्थना) आजाऱ्याला झेपत नाहीत. एकच दशक म्हणा, दुःखाच्या रहस्यांतलं (येशूच्या दुःखाचे प्रसंग) पहिलं, म्हणजे पकडला जाण्याआधीच्या रात्रीचं गेथशेमानी बागेतलं दुःख. एरवी ते मंगळवारी आणि शुक्रवारी येतं, पण त्या रात्री वार बघू नका.

---

दवणा

वॉर्ड सात ताई, कागदावर भीती वेगळ्या करण्याचं फार पटलं. क्रूसाचं तर डोक्यातच आलं नव्हतं. पण ‘माझा विश्वास कमी आहे का’ या प्रश्नाचं काय? तो प्रश्न हमखास येतो, आणि आमच्यातल्या एक जुन्या बाई ‘हो, वाढव’ असंच सांगतात.

---

कोरी_वही

त्या बाईंना मार्क १४:३३ वाचायला द्या. गेथशेमानीत येशू स्वतः ‘अत्यंत अस्वस्थ व कष्टी’ झाला असं तिथे आहे. इब्री ५:७ मध्ये मोठा आक्रोश आणि अश्रू आहेत. भीती वाटणं हाच अविश्वास असेल तर मग या बागेचं काय करायचं? त्या रात्री त्याने काय केलं ते क्रमाने पाहा, तीच पद्धत आहे. तिघा मित्रांना बरोबर नेलं. माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, हे त्यांना तोंडाने सांगितलं. ‘माझ्याबरोबर जागे राहा’ अशी विनंती केली. मग मागणी केली: प्याला टळू दे. तेच शब्द तीनदा म्हटले. आणि शेवटी उठून निघाला. मित्र झोपले होते, प्याला टळला नव्हता. लूक म्हणतो, देवदूत आला आणि त्याने शक्ती दिली. सुटका नाही, शक्ती.

म्हणजे तीच ती प्रार्थना तीनदा करणं हा ‘पोपटपंची’ नव्हे, हेही रुग्णाला सांगता येतं. काहींना वाटतं, एकदा मागितलं की परत मागणं म्हणजे शंका.

फिलिप्पैकरांस ४:६ हे दुसरं वचन, जे हमखास चुकीचं वापरलं जातं. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ एवढंच उचलतात. त्याच्या आधीच्या ओवीचा शेवट ‘प्रभू समीप आहे’ असा आहे. तिथूनच वाचायला सुरुवात करा. पौलाने हे तुरुंगातून लिहिलंय, तेही फिलिप्पै गावाला, जिथल्या तुरुंगात त्याला आणि सीलाला खोड्यात अडकवलं होतं आणि मध्यरात्री ते गात होते (प्रेषितांची कृत्ये १६). सातव्या ओवीत शांती तुमची अंतःकरणे ‘राखील’ असं आहे. मूळ ग्रीक शब्द शिपायांच्या पहाऱ्याचा आहे. फिलिप्पै ही रोमी सैन्यातून निवृत्त झालेल्यांची वसाहत, त्यांना तो लगेच कळला असेल. पहारेकरी दारावर उभा राहतो, बाहेरचा धोका संपला म्हणून नव्हे, संपला नाही म्हणून.

आणि हाच पौल २ करिंथ ११:२८ मध्ये सांगतो की सर्व मंडळ्यांची चिंता त्याला रोज असते. शब्दाचं मूळ तेच. तीमथ्याला तुमची खरी काळजी आहे असं कौतुकाने म्हणतो (फिलिप्पै २:२०), तिथेही तेच क्रियापद. ग्रीकमध्ये एकाच शब्दाला दोन्ही कामं करावी लागतात. आपल्या मराठीत सोय आहे: काळजी करणं वेगळं, काळजी घेणं वेगळं. १ पेत्र ५:७ मराठीतून वाचताना हा फरक आयताच हाती येतो: चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. वॉर्ड सात यांचा कागद म्हणजे तेच. जे घ्यायचं ते घ्या, जे करत बसलोय ते टाका.

आणखी एक उदाहरण, रुग्णापेक्षा तुमच्या जुन्या बाईंसाठी. २५ जानेवारी १७३६. जॉन वेस्ली इंग्लंडहून अमेरिकेतल्या जॉर्जियाला निघालेल्या जहाजावर. वादळ झालं, मुख्य शीड फाटलं, पाणी डेकवर आलं. इंग्रज प्रवासी किंचाळत होते. जहाजावरचे जर्मन मोरेव्हियन (एका प्रोटेस्टंट पंथाचे लोक) मात्र उपासनेला बसले होते, ते स्तोत्र गातच राहिले. नंतर वेस्लीने विचारलं, भीती नाही वाटली? बायका-पोरांनाही नाही? नाही म्हणाले. वेस्ली त्या वेळी दीक्षा घेतलेला पाळक होता आणि स्वतःच्या भीतीची त्याला लाज वाटत होती. मन निवायला त्याला १७३८ चा मे उजाडावा लागला, तोवर तो प्रवचनं करतच होता. पुढे मेथडिस्ट चळवळ ज्याच्यामुळे उभी राहिली तो माणूस दोनेक वर्षं घाबरत होता. बाईंना विचारा, त्याचा विश्वास कोणत्या खात्यात मांडायचा?

मोरेव्हियनांबद्दल एक गोष्ट सहसा सुटते. ते वादळ आलं म्हणून गायला लागले नव्हते. त्यांची रोजची उपासना चालू होती, वादळ मधे आलं. पाठांतर आदल्या रात्री होत नाही. म्हणून भेटीच्या कामाबरोबर भगिनी मंडळात दर महिन्याला एक लहान स्तोत्र तोंडपाठ करून घ्या: २३, १२१, १३, ४६ या क्रमाने. १२१ मध्ये आठच ओव्या आहेत.

---

वॉर्ड_नंबर_सात

रात्री एकट्याने काय करायचं, ते राहिलं होतं.

आधी एलीया संदेष्टा आठवा, १ राजे १९. रतामाच्या झुडपाखाली ‘आता पुरे’ म्हणून मरण मागत होता. देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा उशाशी ठेवला, ‘ऊठ, खा.’ पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न नंतर, होरेब डोंगरावर. म्हणून उपाशी राहण्याची वेळ सुरू व्हायच्या आधी रुग्ण जेवला का, हे प्रार्थनेआधी विचारायचं.

मग श्वासाची प्रार्थना. जुनी रीत आहे, वाळवंटातल्या संन्याशांपासून चालत आलेली. वचनाचे दोन तुकडे करायचे. श्वास घेताना मनात ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, सोडताना ‘मला काही उणे पडणार नाही’. घेणं साधारण चार आकडे, सोडणं सहा. एक श्वास दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा, पाच मिनिटांत तीस. श्वास सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके मंदावतात, ही शरीराची रचनाच आहे. एक हात पोटावर, पोट वर-खाली व्हायला हवं, खांदे नाही. नाकाने घ्यायचा, ओठ किंचित मिटून सोडायचा.

बिघडतं कुठे? लोक छाती भरभरून श्वास घेतात. मग रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, गरगरतं, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, आणि माणूस आणखी घाबरतो. तसं झालं तर श्वास लहान करा, खोल नको, फक्त सावकाश. आकड्यांचा ताण येत असेल तर आकडे सोडा, वचन पुरेसं आहे. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला श्वास रोखून धरायला सांगू नका. आणि झोप लागली तर लागू द्या, प्रार्थना अर्धवट राहिली म्हणून परत पहिल्यापासून करायची नाही. काही जणांना ‘पूर्ण तीस झाले नाहीत तर वाईट होईल’ असं वाटायला लागतं. ते लक्षण दिसलं तर मोजणी बंदच करा, तिथे प्रार्थनेची जागा भीतीने घेतलेली असते.

ऑपरेशननंतर छातीसाठी तीन छोट्या चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र देतात. ते फुंकायचं नसतं, नळीतून श्वास ओढून चेंडू वर उचलायचे असतात. ज्यांनी आदल्या रात्री हा सराव केला त्यांना तेच वचन तिथे वापरता येतं: ओढताना पहिला तुकडा, सोडताना दुसरा. किती वेळा करायचं ते फिजिओथेरपिस्ट सांगतील.

एक सावधगिरी. एकाएकी धडधड, घाम, जीव घाबरा, हा पॅनिक अटॅक असू शकतो. तो साधारण दहा मिनिटांत शिखराला जाऊन ओसरतो. पण छातीत दुखत असेल, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल तर प्रार्थना नंतर, आधी बेल दाबा. आणि ऑपरेशन होऊन गेल्यावरही दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं चालू असेल तर डॉक्टर. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

---

दवणा

सगळ्यांचे आभार. एक गोष्ट विचारायला संकोच वाटत होता. पुढच्या आठवड्यात एका टीबीच्या रुग्णाकडे जायचंय, फुप्फुसाचं ऑपरेशन आहे. भीती आमच्याच चौघींना वाटते. न गेलो तर भित्रेपणा होईल का?

---

जुना_करार

हा प्रश्न ब्रेस्लाव शहरातल्या पाळकांनी जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला विचारला होता आणि १५२७ मध्ये, त्याच्याच विटेनबर्ग गावात प्लेग आलेला असताना, त्याने त्यावर सविस्तर पत्र लिहिलं. सार असं: ज्याच्यावर आजाऱ्याची जबाबदारी आहे त्याने सोडून जाऊ नये. ज्याची गरज नाही त्याने दूर जाण्यात पाप नाही. औषध घ्या, घराला धुरी द्या, जिथे तुमचं काम नाही तिथे जाऊ नका. सावधगिरी न घेता ‘देव राखील’ म्हणणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणं. तो आणि त्याची पत्नी कॅथरीना मात्र गावातच राहिले आणि आजाऱ्यांना घरात घेतलं. म्हणजे चौघींनी जायची गरज नाही. एकीने जावं.

---

वॉर्ड_नंबर_सात

आणि जिला मधुमेह आहे, गरोदर आहे किंवा जिच्या घरी तान्हं मूल आहे तिने जाऊ नये. आधी सिस्टरला विचारा: औषधं कधीपासून सुरू आहेत, थुंकीत जंतू अजून दिसतात का. नियमित औषध सुरू झालं की संसर्ग पसरवण्याची शक्यता झपाट्याने कमी होते, पण तो निर्णय डॉक्टरांचा. तुम्ही एन-९५ मास्क घाला, नाकावरची पट्टी दाबून बसवा, कापडी मास्क इथे उपयोगाचा नाही. रुग्णाच्या तोंडाला साधा सर्जिकल मास्क. खिडकी उघडी, तुम्ही खिडकीच्या बाजूला, म्हणजे वारा तुमच्याकडून त्याच्याकडे जाईल. दहा मिनिटं पुरे. गाणं नको, गाताना तुषार जास्त उडतात.

---

दवणा

मग मीच जाईन. त्याच्याजवळ ठेवायला वचनाचं कार्ड करायचा विचार आहे. कोणतं लिहू?

---

कोरी_वही

यशया ४१:१० चा पहिला अर्धा भाग, ‘कारण’सकट. त्याहून जास्त नको. आणि अक्षर मोठं काढा, बोटाच्या पेराएवढं, काळ्या मार्करने. सकाळी नेण्याआधी चष्मा काढून घेतात, बारीक छापलेलं कार्ड त्या वेळी दिसत नाही. कार्ड आत नेता येणार नाही, म्हणून मागच्या बाजूला ते सांभाळणाऱ्याचं नाव लिहा आणि त्याला सांगून ठेवा की शुद्ध आल्यावर आधी चष्मा द्यायचा, मग कार्ड.